कीबोर्ड आपल्याच हातात राहू दे

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर या सत्राचं नाव वाचून काहीजणींनी मला चहाच्या वेळीच गाठलं. म्हणाल्या, "पोटगी, हुंडा, जमिनीत नाव लावणं हे सगळं सोडून हे लिनक्स कुठून काढलंस?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं ऐकताना मनात शंका राहणार नाही.

आपल्या बहुतेक संस्थांमध्ये जे संगणक आहेत ते कुणीतरी देणगीत दिलेले, आठ-दहा वर्षं वापरलेले. त्यांच्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची मदत देणं थांबवलं. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. नवी यंत्रं घ्यायची तर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम नसते. म्हणून काही गटांनी लिनक्स मिंट किंवा उबुंटू घातलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावर बरं चालतं. पहिला महिना छान जातो. मग एक दिवस प्रिंटर छापत नाही, किंवा फाइल उघडते पण त्यात लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख असते. गावातल्या दुकानात विचारलं तर तो म्हणतो, "लिनक्स? काढून टाका ताई, मी विंडोज टाकून देतो." आणि आपण मान डोलावतो. अडला हरी, दुसरं काय!

मी इंजिनिअर नाही. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलंय आणि तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात काम करते. तेव्हा यंत्राच्या पोटात काय असतं हे मी सांगणार नाही. यंत्र अडलं की मदत कशी मागायची आणि दुसरीचं अडलं की ती कशी द्यायची, एवढंच सांगणार आहे. मदत मागायला आलेल्या बाईशी कसं बोलायचं हे आपण रोज करतो. तेच शहाणपण इथे लावायचं आहे.

मदतीत सत्ता असते

आमच्या कार्यालयातला पूर्वीचा प्रसंग सांगते. संगणक सुरू होईना. दुरुस्तीवाले दादा आले, आमच्या कार्यकर्तीला म्हणाले, "उठा जरा." ती उठली. त्यांनी पंधरा मिनिटं खडखड केलं, काय केलं ते सांगितलं नाही, आणि शेवटी म्हणाले, "दुकानात न्यावा लागेल." यंत्र चार दिवस दुकानात होतं. त्यात काय होतं? आमच्याकडे आलेल्या बायकांचे जबाब, त्यांचे माहेरचे पत्ते, कोण कुठे लपून राहते आहे त्याची नोंद. गाव लहान. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांत त्या बायकांचे दीर, नवरे, शेजारी असणारच. चार दिवसांत कुणी काही पाहिलं की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं.

म्हणजे बघा, संगणक बिघडणं ही फक्त तांत्रिक बाब राहत नाही. आपल्या कामाचा सगळ्यात नाजूक भाग कुणाच्या हातात जातो, हा त्यातला प्रश्न आहे. आणि दुसरा प्रश्न त्या "उठा जरा"मध्ये आहे. उठलेली कार्यकर्ती पुढच्या वेळीही उठणार. यंत्र दुरुस्त झालं तरी तिचं परावलंबन तसंच राहिलं.

लिनक्स वेगळं कसं

थोडक्यात सांगते. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहायला घेतला. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होती. म्हणणं असं, की जे सॉफ्टवेअर आपण वापरतो ते उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि शेजारणीला देण्याचा हक्क आपल्याला हवा. या दोन्हीच्या मेळातून आज आपण वापरतो ते उभं राहिलं. जगभरातले हजारो लोक ते मिळून सांभाळतात. काही पगारी आहेत, पुष्कळसे हौसेने काम करणारे.

याचा आपल्याशी संबंध असा: मिंटसारखं फुकट मिळणारं लिनक्स घेतलं, तर तक्रार नोंदवायला खिडकी नसते. पैसे भरलेत म्हणून कुणाला खडसावता येत नाही. मदत मिळते ती कुणीतरी आपला वेळ देतं म्हणून. गल्लीतल्या बायका एकमेकींच्या बाळंतपणाला जातात तसंच हे आहे. तिथे हक्काची भाषा चालत नाही, पण लाचारीचीही गरज नाही. आज तुम्ही विचारता, उद्या तुम्ही सांगता.

हे चित्र ऐकायला गोड आहे, पण बायकांना तिथे नेहमीच गोड वागणूक मिळाली असं नाही. लिनक्सच्या जगात नव्याने प्रश्न विचारणाऱ्याला चार इंग्रजी अक्षरं तोंडावर फेकण्याची रीत होती: आर टी एफ एम. अर्थ असा, की "आधी ते अमुकतमुक पुस्तक वाच", आणि अमुकतमुकच्या जागी शिवी. एरिक रेमंड यांनी प्रश्न हुशारीने कसे विचारावेत यावर २००१ मध्ये एक लांबलचक निबंध लिहिला. त्यातला पुष्कळ सल्ला कामाचा आहे. पण सगळा भार विचारणाऱ्यावर, आणि सूर असा की जणू विचारणारा चोर आहे आणि त्याने आधी आपला प्रामाणिकपणा सिद्ध करावा. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या बाईला हीच ऐकू येते.

बायका गप्प बसल्या नाहीत. १९९८ मध्ये डेब रिश्टर या बाईंनी लिनक्स वापरणाऱ्या स्त्रियांचा 'लिनक्सचिक्स' हा गट सुरू केला. नियम दोनच: सभ्यपणे बोला आणि मदत करा. २००२ मध्ये व्हॅल हेन्सन यांनी, म्हणजे आजच्या व्हॅलरी ऑरोरा यांनी, लिनक्समध्ये स्त्रियांना उत्तेजन कसं द्यावं यावर एक मार्गदर्शिका लिहिली. त्यात पुरुषांना सांगितलेल्या अनेक गोष्टींपैकी एक फार साधी आहे: बाई काही शिकत असताना तिच्या हातातून कीबोर्ड काढून घेऊ नका. आमच्या कार्यालयातलं "उठा जरा" आणि हजारो मैल दूर बसून त्यांनी टिपलेली गोष्ट एकच आहे. पुढे २००४ मध्ये डेबियन या लिनक्सच्या वितरणात काम करणाऱ्या स्त्रियांनीही आपला गट बांधला. आज वातावरण पुष्कळ सुधारलंय. अनेक ठिकाणी वागणुकीचे लेखी नियम आहेत. ते आपोआप झालेलं नाही, बायकांनी भांडून मिळवलंय.

प्रश्न कसा विचारायचा

आता कामाचं. समजा एक कार्यकर्ती लिहिते, "प्रिंटर चालत नाही, अर्जंट मदत करा." याला उत्तर येत नाही, किंवा वीस वेगवेगळी उत्तरं येतात. एखादी बाई आपल्याकडे येऊन नुसतं "घरी त्रास आहे" म्हणाली तर आपण काय करतो? तिला हाकलत नाही, पण एकेक विचारतो. त्रास म्हणजे काय? कधीपासून? पहिल्यांदा केव्हा झालं? त्याच्या आधी घरात काय बदललं? आतापर्यंत कुणाकडे गेलात, त्यांनी काय केलं? लिनक्सचा प्रश्नही असाच मांडायचा. पाच गोष्टी सांगायच्या.

पहिली, तुमच्याकडे काय आहे: मिंट की उबुंटू, कितवी आवृत्ती, यंत्र कोणत्या बनावटीचं. मिंटमध्ये त्यासाठी एक साधन आहे, त्यात यंत्राची सगळी माहिती एका ठिकाणी मिळते आणि नकल करायचं बटणही आहे. दुसरी, तुम्हाला काय करायचं होतं. तिसरी, प्रत्यक्षात काय झालं. पडद्यावर जो मेसेज आला तो शब्दश: उतरवा. "काहीतरी एरर आला" म्हणजे जबाबात "काहीतरी बोलला" लिहिण्यासारखं आहे. नेमके शब्द हाच पुरावा. चौथी, हे केव्हापासून, आणि त्याआधी काय बदललं: अपडेट केलं, वीज गेली, प्रिंटर दुसऱ्या टेबलावर नेला. पाचवी, तुम्ही स्वत: काय काय करून पाहिलं.

आता तोच प्रश्न असा होतो: "लिनक्स मिंट २२ आहे. प्रिंटर यूएसबी वायरने जोडलेला. काल अपडेटच्या मध्येच वीज गेली. आज छापायला दिलं की काम यादीत दिसतं, पण प्रिंटरच्या नावासमोर थांबवला आहे असं येतं. वायर बदलून पाहिली, यंत्र बंद-चालू केलं, फरक नाही." हे वाचणाऱ्याला लगेच समजतं कुठे बघायचं. प्रिंटरच्या खिडकीत जाऊन तो पुन्हा चालू करायला सांगेल, आणि बहुतेक वेळा काम तिथेच होईल.

आणखी एक. उत्तर मिळालं आणि काम झालं की ते सांगा, काय केल्याने झालं तेही लिहा. पुढची बाई तोच प्रश्न घेऊन येणार आहे.

मराठीचे प्रश्न

आपल्याला सगळ्यात जास्त अडवतं ते मराठी. म्हणून यावर जरा थांबते.

संस्थेतल्या जुन्या फाइली बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे अहवाल, पत्रकं, केसच्या नोंदी. त्या श्रीलिपीत, कृतिदेवमध्ये, शिवाजी किंवा सुरेख फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड काला दिसतो. मैत्रिणी घाबरून म्हणतात, लिनक्सने फाइल खाल्ली. खाल्लेली नाही. त्या काळी फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच साठवली जात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. नव्या यंत्रावर विंडोज घातलं आणि फॉन्ट नसला तरी हेच होणार. आज जे युनिकोड आपण वापरतो त्यात 'क' हा फाइलमध्येच 'क' म्हणून साठवला जातो, म्हणून तो कुठेही 'क'च दिसतो.

मग करायचं काय? संस्थेकडे तो जुना फॉन्ट रीतसर असेल तर त्याची फाइल लिनक्सच्या फॉन्टच्या कप्प्यात घातली की जुनं लिखाण बहुधा वाचता येतं. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. मदत मागताना फॉन्टचं नेमकं नाव सांगा, कारण श्रीलिपीची किल्ली कृतिदेवला लागत नाही. मूळ फाइल तशीच ठेवा, प्रतीवर रूपांतर करा, आणि माणसाच्या डोळ्यांनी तपासा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं इथे गफलत होते. नावं आणि तारखा दोनदा वाचा. आणि एक कळकळीची सूचना: बाईचा जबाब असलेली फाइल इंटरनेटवरच्या कुठल्याही अनोळखी रूपांतराच्या पानावर चढवू नका. पत्रक चढवा, जबाब नाही.

नव्याने टाइप करायचं तर भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा कीबोर्ड जोडावा लागतो. इन्स्क्रिप्ट शिकायला दोन-तीन आठवडे लागतात, पण मग हात चालतो. सगळ्याजणी अडतात त्या 'दुसऱ्या', 'साऱ्याजणी', 'सुऱ्या' या शब्दांवर. तिथे आडव्या शेपटीचा र हवा असतो आणि यंत्र डोक्यावर रफार देऊन टाकतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे ही कळ दाबली की नुक्त्याचा 'ऱ' येतो. त्यापुढे डी या कळीवरचा हलन्त आणि मग य. झाला 'ऱ्य'. हे कुणी सांगितलं नाही तर बाई वर्षभर 'दुसर्या' लिहीत बसते आणि आपलीच भाषा कच्ची असं समजते.

नेहमीच्या आणखी काही अडचणी

लिब्रे ऑफिसमध्ये फाइल उघडते, पण "दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे" असं म्हणून फक्त वाचायला देते. खोलीत तर आपण एकट्याच. झालेलं असतं असं, की मागच्या वेळी वीज गेली आणि दाराला लावलेली कडी तशीच राहिली. ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तिथे कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेल्या फाइली दिसतात. त्यात आपल्या फाइलच्याच नावाची, सुरुवातीला टिंब आणि 'लॉक' असलेली एक छोटी फाइल सापडेल. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर कुणी ती मूळ फाइल खरोखर उघडलेली नाही याची खात्री करा आणि मगच ती छोटी फाइल काढा.

सरकारी कार्यालयातून आलेला अर्जाचा नमुना उघडला की रकाने सरकतात, दोन पानांची तीन होतात. कारण त्यांनी वापरलेला फॉन्ट आपल्याकडे नाही. कॅलिब्रीच्या मापाचाच कार्लिटो नावाचा मुक्त फॉन्ट मिळतो, तो घालून घ्या. आपल्याकडून बाहेर जाणारं अंतिम पत्र पीडीएफ करून पाठवा.

वायफाय मुळी दिसतच नसेल तर आधी फोन यूएसबी वायरने यंत्राला जोडा आणि फोनचं इंटरनेट यंत्राला द्या. मग मिंटमधलं 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. वायफायच्या काही चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो तिथे सापडतो.

जागा संपली असं येत असेल तर 'टाइमशिफ्ट'ने घेतलेल्या प्रती पाहा. प्रणाली बिघडली तर मागच्या दिवसावर नेण्यासाठी हे साधन आहे, आणि त्याच्या प्रती जागा खातात. लक्षात ठेवा, नेहमीच्या सेटिंगमध्ये टाइमशिफ्ट आपली कागदपत्रं जपत नाही, फक्त प्रणाली जपतं. कागदपत्रांची प्रत आपण वेगळी काढायची.

प्रिंटर नवा घेणार असाल तर फोनवरून थेट छापता येणारा घ्या, तो बहुधा लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. आणि खरं तेही सांगते: हिशोबाची काही सॉफ्टवेअर आणि सही-प्रमाणपत्राची काही उपकरणं लिनक्सवर धड चालत नाहीत. तुमच्या संस्थेचं ऑडिट त्यावर अवलंबून असेल तर आधी चौकशी करा, मगच सगळी यंत्रं बदला.

मागायची ती मदत, द्यायची नाही ती ओळख

फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली व्यक्तिसहाय्य कार्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यातली सात तत्त्वं आम्हा एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थिनींना तोंडपाठ असायची. त्यातलं एक गोपनीयता. ते इथे अक्षरश: लागू होतं.

मदतीसाठी आपण पडद्याचा फोटो काढून पाठवतो. पाठवण्याआधी तो फोटो परक्याच्या नजरेने बघा. फाइलचं नाव बाईच्या नावावर आहे का? मागे दुसरी खिडकी उघडी आहे का? अलीकडच्या फाइलींची यादी दिसते आहे का? टर्मिनलच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वापरणारीचं आणि यंत्राचं नाव येतं. यंत्राचं नाव संस्थेच्या नावावर असेल तर तेही जगाला कळलं. म्हणून केसच्या फाइलींना क्रमांक द्यायचे, नावं नाहीत. यंत्राचं नाव साधं ठेवायचं. आणि मदत मागताना शक्यतो एक कोरी फाइल तयार करून तीच अडचण तिच्यात दाखवायची. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पूर्वी तोच भारतीय दंडविधानाच्या २२८ अ मध्ये होता. "मी तर फक्त प्रिंटरचा प्रश्न विचारत होते" हे त्या बाईला सांगून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. यंत्राला पासवर्ड आहे म्हणजे फाइली सुरक्षित आहेत, हा गैरसमज आहे. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनही चालू होतं. आपलं यंत्र सुरू होईनासं झालं तर याच वाटेने आपण आपल्या फाइली वाचवू शकतो, दुकानाची पायरी न चढता. पण त्याच वाटेने दुसरं कुणीही, आपला पासवर्ड न विचारता, त्या वाचू शकतं. यावर उपाय म्हणजे लिनक्स घालतानाच संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय निवडणं. मग परवलीचं वाक्य दिल्याशिवाय काहीच वाचता येत नाही. ते वाक्य हरवलं तर आपल्यालाही नाही. म्हणून ते दोन कार्यकर्त्यांना पाठ असावं आणि बंद पाकिटात तिसऱ्या सुरक्षित ठिकाणी असावं. असं यंत्र मग दुकानात न्यावं लागलं तरी जबाब कुणाच्या नजरेला पडत नाहीत.

कुणाचं ऐकायचं

मदत म्हणून पुष्कळदा एखादी कमांड मिळते: "ही टर्मिनलमध्ये टाका." तिच्या सुरुवातीला 'सुडो' असेल तर समजा की तुम्ही घराची मुख्य किल्ली देताय. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो तो याचसाठी. किल्ली देण्याआधी विचारा, ही कमांड काय करते, आणि उलट फिरवायची असेल तर कशी. चांगला मदत करणारा रागावत नाही. जो रागावतो त्याची कमांड वापरू नका. टर्मिनलमध्ये 'मॅन' आणि पुढे कमांडचं नाव लिहिलं की तिची माहिती येते. हसू नका, 'मॅन' हे मॅन्युअलचं लघुरूप आहे!

आता पुष्कळजणी एआय चॅटबॉटला विचारतात. तो चिडत नाही, मराठीतही बोलतो, रात्री अकरालाही हजर असतो. वापरा. पण त्याला माहीत नसलेलंही तो ठामपणे सांगतो, कधी अस्तित्वात नसलेला पर्याय सुचवतो, कधी जुन्या आवृत्तीचा उपाय देतो. त्याने दिलेली कमांड दुसरीकडे पडताळून पाहा. आणि बाईची माहिती त्याच्याही कानावर घालायची नाही.

मदत देणारीने काय करायचं

बिस्टेक यांची आणखी दोन तत्त्वं: निवाडा न करणं आणि व्यक्तीचा स्वयंनिर्णयाचा हक्क मानणं. "एवढंही येत नाही का?" हे वाक्य आपल्या गटातून हद्दपार करू या. बाईला आपण कधी विचारत नाही, "इतकी वर्षं का सोसलंस?" मग फाइल हरवलेल्या कार्यकर्तीला "प्रत का नाही काढलीस?" हे त्या क्षणी विचारून काय साधणार? ते नंतर, शांतपणे.

मदत करताना उभं राहायचं, तिला खुर्चीत बसू द्यायचं. माऊस तिच्या हातात. आपण म्हणायचं, "डावीकडे वर बघ, काय लिहिलंय ते मोठ्याने वाच." याला वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं घेतं. पण पुढच्या वेळी ती आपल्याला बोलवत नाही, स्वत: करते. आणि त्याच्या पुढच्या वेळी ती दुसरीला शिकवते.

प्रत्येक कार्यालयात एक दोनशेपानी वही ठेवा. कागदाची, कारण यंत्र बंद पडल्यावर यंत्रातली वही वाचता येत नाही. तारीख, काय अडलं, पडद्यावर काय आलं, काय केल्याने सुटलं, कुणी सोडवलं. बायकांची नावं त्यात नकोत. सहा महिन्यांनी ती वही उघडली की दिसेल, त्याच आठ-दहा अडचणी फिरून फिरून येतात. मग जिल्ह्यातल्या चार-पाच संस्थांनी वह्या घेऊन दोन महिन्यांतून एकदा बसावं. एकीची अडचण दुसरीने आधीच सोडवलेली असते. आणि कुठल्याही कार्यालयात यंत्राची माहिती एकटीकडेच असू नये. ती रजेवर गेली, नोकरी सोडून गेली, तर पुन्हा आपण दुकानाच्या दारात.

संगणक आला तेव्हा आपल्यापैकी अनेकींना तो टायपिंगपुरता दिला गेला. टाइप करायचं बायकांनी आणि यंत्र सांभाळायचं पुरुषांनी, अशी ही नवी कामाची वाटणी. विहिरीचं पाणी बायकांनी भरायचं, आणि विहिरीच्या दुरुस्तीची बैठक पुरुषांनी घ्यायची, ही जुनी. जुनी वाटणी मोडायला हातपंप दुरुस्त करायला शिकलेल्या बायकांचे गट उभे राहिले. पाना हातात घेतलेल्या त्या बायकांना पाहून गावाने आधी खुदुखुदु हसून घेतलं, आणि पंप चालू झाल्यावर पाणी भरून नेलं.

दुपारच्या सत्रात मागच्या खोलीत तीन जुनी यंत्रं ठेवली आहेत. एकावर प्रिंटर मुद्दाम थांबवून ठेवलाय, एकावर फाइलला कडी लागली आहे, आणि तिसऱ्यावर मराठी कीबोर्ड जोडलेला नाही. तिघीतिघींचे गट करा. ज्यांनी कधीच संगणकाला हात लावलेला नाही त्या खुर्चीत बसतील. ज्यांना येतं त्या मागे उभ्या राहतील, हात पाठीमागे बांधून.